राखणदाराचा माड

हे प्रकरण लिहायला मी याआधी तीनदा बसले आणि तिन्ही वेळा आमच्या घरच्या जेवणाखाणावर चार पानं लिहून उठले. जेवणावर लिहायला काही लागत नाही. तोंडाला पाणी सुटतं आणि हात चालतो. आता चौथ्यांदा बसले आहे, तर मागे फिरायची वाट आधीच बंद करून टाकते. माझ्या मंदाकाकीच्या डोक्यावर जो नारळ पडला तो माडाने टाकलेला नव्हता, मी पाडलेला होता. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. त्यानंतर पन्नास वर्षं मी तोंड मिटून बसले आणि त्यापायी तिचा संसार गेला. मला याची लाज वाटते. पूर्वी ती अधूनमधून वाटायची, आता रोज वाटते.

आमचं घर मालवणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात, डोंगराच्या उतारावर. वर घर, घरामागे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी बांध, आणि गडग्याखाली दोन पुरुष खोल उतरलेली माडांची बाग. घरात माणसं मोजकी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते, तिचा चेहरा मला फोटोतला तेवढाच आठवतो. घर चालवायची ती बाबांची थोरली बहीण, आमची आते. ती लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. तिच्या तोंडाला लगाम नव्हता, पण जेवणवेळेला दारात आलेला माणूस तिने कधी उपाशी धाडला नाही. बाबा कमी बोलायचे. त्यांचे धाकटे भाऊ, भाईकाका, तालुक्याच्या गावी एका दुकानात कामाला होते. मी अकरा वर्षांची असताना त्यांचं लग्न झालं आणि वालावलची मंदाकाकी आमच्या घरात आली. तिच्या येण्याने घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने हसायला लागलं. आतेला ते आवडायचं नाही, पण काकी स्वयंपाकघरात हसली की ओटीवर बसलेले बाबासुद्धा कान देऊन ऐकायचे, हे मी पाहिलं आहे.

काकीचं नाक हा आमच्या वाडीत चर्चेचा विषय होता. सकाळी मासेवाली टोपली डोक्यावर घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, यायची, तिने टोपली खाली ठेवायच्या आधीच काकी चौकटीत उभी राहून निकाल द्यायची. "हे आजचे न्हय गो. काल सांजचे." मासेवाली आधी शपथा घ्यायची आणि मग हसून म्हणायची, "तुझा नाक आसा का काय आसा गो बाय!" बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं किती वेळ राहिली, आमसुलं कधी पडली, हे ती झाकण न काढता सांगे. माझी वेणी घालताना ती डोक्याचा वास घ्यायची आणि म्हणायची, "आज खळ्यात लोळललंस. आणि काजीच्या झाडार चढललंस." दोन्ही खरं असायचं. आईविना वाढलेल्या मुलीला रोज कुणीतरी असं डोकं हुंगून आपला दिवस सांगावा, याचं मोल मला तेव्हा कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर आज थोडं सोपं गेलं असतं.

आता त्या माडाबद्दल. बागेच्या कोपऱ्यात राखणदाराचा दगड होता. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो, तो जागा सांभाळतो आणि आपण त्याचा मान ठेवायचा. त्या दगडाशेजारचा माड त्याचा. त्या माडाचे नारळ त्याच्यापुढेच फोडायचे, घरात आणायचे नाहीत, आणि शहाळं तर कुणी काढायचंच नाही. दुसरा नियम पाडेलीचा. माडावर चढून नारळ पाडणारा तो पाडेली. तो शेंड्यात पोचला की कोयता चालवायच्या आधी तीनदा ओरडायचा, "पडता रे!" खालून कुणीतरी "टाक!" म्हणेपर्यंत त्याचा हात हलायचा नाही. आम्ही मुलं तो खेळसुद्धा खेळायचो. आणि या सगळ्याच्या वर एक समजूत होती, जी आमच्या गावात अजून आहे. नारळाला डोळे असतात, माड बघूनच नारळ टाकतो, बिनगुन्ह्याच्या माणसाच्या डोक्यावर तो कधी पडत नाही. आम्ही मुलं भर वाऱ्यात माडांखाली खेळायचो ते याच भरवशावर. या समजुतीला एक उलटी बाजूही आहे, ती माझ्या ध्यानात यायची होती.

राखणदाराच्या माडाचं शहाळं सगळ्यात गोड असणार, असं मी ठरवून टाकलं होतं. कुणी चाखलेलं नव्हतं म्हणून ठरवलं होतं, दुसरं कारण नाही. तो माड तेव्हा फार उंच नव्हता. गडग्यावर उभं राहून विळा बांधलेली लांब काठी पुढे केली की त्याच्या घोसापर्यंत पोचता यायचं. मी त्याआधी दोनदा शहाळं काढलं होतं. खाली सुक्या झावळांचा ढीग असायचा, त्यात शहाळं पडलं तर आवाज होत नसे. मग फेरा घालून खाली उतरायचं, दगडावर आपटून फोडायचं आणि तिथेच पिऊन टाकायचं. पाणी बेताचंच गोड होतं. तरी मी तिसऱ्यांदा गेले, इतकी मी हावरट होते.

आगोटीचे दिवस होते. पावसाळ्यासाठी लाकडं, झावळं, सुके मासे, मीठ सगळं घरात भरायची घाई होती. आते ओटीवर मिरच्या निवडत होती, बाबा बाजारात गेले होते. मी गडग्यावर गेले, काठी पुढे केली, देठात विळा अडकवला. खाली बघितलं तर झावळं दिसली, माणूस दिसलं नाही. हाक मारायची मला आठवणच झाली नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. आठवण झाली होती. "पडता रे" हे शब्द सवयीने जिभेवर आले होते. पण चोरी करताना हाक कशी मारणार? आतेने ऐकलं असतं. मी हाक गिळली आणि काठीला हिसडा दिला.

झावळांच्या ढिगामागे वाकून काकी बेगमीसाठी झावळं ओढत होती. ती सरळ उभी राहायला आणि शहाळं यायला एक गाठ पडली. ते तिच्या डोक्याच्या डाव्या अंगाला घासून खांद्यावर आदळलं आणि ती आडवी पडली. मी खाली धावले. तिचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यात कुणी नव्हतं. मी तिला हलवलं, "काकी, काकी" केलं. ती किती वेळ तशी होती हे मी आज नेमकं सांगू शकत नाही, पण मी शहाळं उचलून गडग्याच्या फटीत लपवलं, काठी नेऊन गोठ्यामागे टाकली आणि परत आले, तरी ती तशीच होती. जो क्रम असायला हवा होता त्याच्या नेमका उलटा झाला: आधी शहाळं, मग काठी, मग काकी. मग तिने मोठा श्वास घेतला, उठून बसली आणि विचारलं, "मी हय कित्याक इलंय?" मी म्हटलं, झावळं न्यायला. तिने डोकं चोळलं आणि पुन्हा विचारलं, "मी हय कित्याक इलंय गो?" असं चार-पाचदा झालं. ती आपल्या पायांनी घरी चालत गेली. मी तिच्या मागून न जाता दुसऱ्या वाटेने गेले, म्हणजे आम्ही बरोबर होतो असं कुणाला वाटू नये.

घरी आतेने टेंगळावर हळद लावली. काकी म्हणाली, "राखणदाराच्या माडाकडे होतंय. नारळ पडलो वाटता." आतेने एकदा काकीकडे नीट बघून घेतलं. काकीने दुपारी पेज घेतली आणि ती सगळी उलटून पडली. बाबा बाजारातून आले, त्यांनी लगेच माणूस पाठवून डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर बाजारात एकच, आणि ते त्या दिवशी दवाखान्यात गर्दीत अडकलेले. पण त्यांनी प्रश्न बरोबर विचारला होता. पडल्यावर ती बेशुद्ध झाली होती का? झाली असेल तर ताबडतोब घेऊन या, नसेल तर झोपू द्या, मी संध्याकाळी येऊन बघतो. बाबांनी काकीला विचारलं. ती म्हणाली, "नाय ओ भावजी. पडलंय आणि उठलंय." मग बाबा माझ्याकडे वळले.

"शालू, तू थय होतंस?"

"नाय," मी म्हटलं.

एवढंच. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मी खोटं बोलत असेन असं त्यांना वाटायचं काही कारण नव्हतं. आते म्हणाली, "झोपांदेत तिका. निजान उठली की बरी होतली." सगळी दुपार काकी घोरत होती, आणि घरात सगळ्यांना त्या घोरण्याने बरं वाटत होतं. तिन्हीसांजेला दिवा लावून आते तिला उठवायला गेली तर ती उठेना. डॉक्टर आले, त्यांनी पापण्या वर करून बॅटरी मारली. एक बुबूळ दुसऱ्यापेक्षा मोठं झालं होतं. ते बाबांना एवढंच म्हणाले, "गोव्याला न्या. आत्ता. इथे थांबू नका." जीप मिळाली. खळ्यातून ती निघाली तेव्हा काकीचे पाय मागच्या फळीबाहेर आले होते आणि दुकानातून नुकतेच आलेले भाईकाका ते पाय मांडीवर धरून बसले होते. कसालला हायवेला लागेपर्यंत ती हात हलवत होती, पुढे तोही थांबला, असं काकांनी मागाहून सांगितलं.

पुढे मी नर्स झाले. लोकांना यात पश्चात्तापाची गोष्ट दिसेल, म्हणून सांगते की तसं काही नव्हतं. नर्सिंगला गेलं की वसतिगृह मिळायचं आणि घरापासून लांब राहता यायचं. पण तिथे मला कळलं की त्या दुपारी काकी झोपली नव्हती. कवटीच्या आत रक्त साचत होतं आणि मेंदूवर दाब येत होता. आधी शुद्ध जाते, मग माणूस उठून चालतो-बोलतो, आणि मग पुन्हा मावळत जातो. मधला तो बरा वेळच घात करतो. ही माहिती वर्गात ऐकली त्या दिवशी मी वहीत काही लिहू शकले नाही. नंतर तीस वर्षं मी अपघात विभागात नातेवाइकांना दटावत आले: "कसं लागलं ते खरं सांगा. बेशुद्ध होते का? किती वेळ? लपवू नका." माझा आवाज त्यासाठी वॉर्डात प्रसिद्ध होता. कुणी चाचरलं तर मी त्यांच्या डोळ्यांत बघून दरडावायचे. कुठल्या तोंडाने, ते माझं मला माहीत.

काकी वाचली. गोव्याच्या डॉक्टरांनी कवटीला भोक पाडून गाठ काढली. दीड महिन्याने ती घरी आली तेव्हा डोक्यावरचे केस बोटभर उगवले होते आणि डाव्या कानावर टाक्यांची रेघ होती. उजवा हात लुळा पडला होता. शब्द हरवायचे; विळी हवी असली की ती "दिवो दी" म्हणायची आणि आपण चुकलो हे कळून रडायची. कधी भलत्या वेळी हसायची. शेजारची म्हातारी मेल्याचं सांगायला कुणी आलं, तर काकी तोंडाला पदर लावून हसत सुटली. एकदा तिने पेजेचा वाडगा आतेच्या अंगावर भिरकावला. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की असं होईल, वर्ष-दोन वर्षं जातील, धीर धरा. पण धीर धरायचा तर हे डोक्याच्या माराने होतं आहे असं मानावं लागतं, आणि आमच्या घरात तोवर दुसरंच मानलं जाऊ लागलं होतं. "माड उगाच कोणाक मारणा नाय," आते पाण्यावर भेटणाऱ्या बायकांना सांगायची. समजुतीची उलटी बाजू ती हीच. ज्याच्या डोक्यावर पडला, त्याचा काहीतरी गुन्हा असणार, आणि हा तर राखणदाराचा माड.

तिचा वास गेला होता, हे मात्र कुणालाच कळलं नव्हतं. तिलाही धड कळलं नसावं. तिला वाटायचं घरातल्या वस्तूंनाच वास येईनासा झालाय. गणपती पोचवून झाल्यावर घरात पहिल्यांदा मासे शिजायचे होते आणि फोंडाघाटचे पाहुणे थांबले होते. आते देवळात गेली होती. काकीने हट्टाने डाव्या हाताने बांगडे घेतले, साफ केले, तिरफळं घालून तिखलं केलं. बांगडे शिळे होते; मासेवालीने नकळत दिले असतील किंवा काकी काही बोलली नाही हे बघून दिले असतील. रात्रीपर्यंत पाहुणे, काका, बाबा सगळे ओकत होते. ती सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवत "काय झाला? काय झाला?" विचारत फिरत होती. सकाळी आतेने उरलेलं तिखलं तिच्या नाकाला लावलं. "ह्या तुका कळाक नाय?" काकीने वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे बघितलं, मी सांगावं म्हणून. मी भांडी उचलून बाहेर गेले.

आठ दिवसांनी देवळात कौल लावला. भिजवलेल्या कळ्या देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना चिकटवतात आणि गुरव प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी पूजेचं ताट धरून उभी होते. काकी पुढे बसली होती, डोक्यावरून पदर घट्ट ओढून, कारण केस अजून पुरते वाढले नव्हते.

"देवा म्हाराजा, राखणदाराच्या माडाकडे चूक झाली आसात तर उजवो दी." उजवी पडली.

"चूक भायल्या माणसाची आसात तर उजवो दी." डावी पडली.

"घरच्याच बायलमाणसाची आसात तर उजवो दी." कळी बराच वेळ हलली नाही. मग उजवी पडली.

देवाने खरं सांगितलं होतं. आज माझा कौलावर विश्वास आहे की नाही हे मला सांगता येत नाही, पण त्या दिवशी देव माझ्याकडे बोट करत होता याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. घरात बायका तीन: आते, काकी आणि मी. तेरा वर्षांच्या पोरीला कुणी धरलं नाही. सगळे काकीकडे बघायला लागले. ती वळून माझ्याकडे बघत म्हणाली, "मी... थय... काय केलंय गो?" तिला खरोखरच माहीत नव्हतं. त्या दिवसाचं तिच्या डोक्यात काही उरलंच नव्हतं, आणि तिथे काय झालं हे ज्या एकीला ठाऊक होतं तिलाच ती विचारत होती. मी खाली बघितलं.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या मंदाकडसून, जाणता म्हणा, अजाणता म्हणा, माडाकडे जी काय चूक झाली आसात..." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याला जमलेल्या प्रत्येकाने होकार द्यायचा असतो, त्याशिवाय ते देवाला पोचत नाही. "ती पोटात घाल रे म्हाराजा!" आतेने मला कोपर मारलं. "म्हण गो." आणि मी म्हटलं. मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, "व्हय म्हाराजा!" खोटं बोललेली मी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, पण देवासमोर उभं राहून दुसऱ्याच्या नावावर आपला गुन्हा चढवलेला माणूस माझ्या ओळखीत मी एकटीच.

वालावलहून काकीचा भाऊ आला. "चार दिवस ऱ्हवान येव दी," आते म्हणाली. निघायच्या सकाळी काकीने मला बोलावलं आणि एका हाताने माझी वेणी घातली. दात वापरून रिबीन बांधली. सवयीने डोकं हुंगलं आणि काहीच बोलली नाही. वेणी वाकडी झाली होती. शाळेच्या वाटेवर ती सोडून मी पुन्हा घातली, मैत्रिणी हसतील म्हणून. संध्याकाळी आले तेव्हा ती गेली होती. चार दिवसांची दोन वर्षं झाली आणि भाईकाकांचं दुसरं लग्न झालं. वालावलहून भांडायला कुणी आलं नाही. माडाने मारलेल्या बाईसाठी कुणी कुणाशी भांडायचं?

गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरून पडले. मुलाने इस्पितळात नेलं. तिथे लेकीच्या वयाची डॉक्टर होती, तिने माझाच जुना प्रश्न मला विचारला. "आजी, बेशुद्ध झाला होतात का?" मी ठणकावून सांगितलं, "नाही." सून मागून म्हणाली, "होत्या हो. मी हाका मारत होते, पाच मिनिटं तरी डोळे उघडले नव्हते." माझ्या लेखी ती पाच मिनिटं नव्हतीच. पडले आणि उठले, बस्स. स्कॅन चांगला निघाला, पण माझी इतक्या वर्षांची एक सोय त्या दिवशी गेली. काकीनेही "नाय" सांगितलं होतं, चूक एकट्या माझी नव्हे, असं मी मनात धरून होते. तिला ते माहीत असणं शक्यच नव्हतं. ती पाच मिनिटं फक्त माझ्याकडे होती.

माझ्या डोक्याचे टाके निघाल्यावर मी वालावलला गेले. तळ्याच्या अंगाला काकी आपल्या भाच्याच्या घराच्या पडवीत खराट्यासाठी हीर काढत बसली होती. उजवा गुडघा झावळावर दाबून डाव्या हाताने सुरी चालवत होती. एवढीशी झाली होती. "शालू गो तू?" तिने लगेच ओळखलं. "केस पिकले मगे." मी पायरीवर बसले आणि काही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. शहाळं, काठी, न मारलेली हाक, बाबांना सांगितलेलं "नाय", आणि देवळातलं. ती हीर काढत राहिली. मला वाटलं तिला कळलं नाही.

"नारळ तू पाडलंस?"

"व्हय."

"मगे मी काय केललंय?"

"काय एक नाय, काकी."

"काय एक नाय?"

"नाय."

तिच्या हातातली सुरी खाली पडली. "पन्नास वर्सा मी आठवतंय गो," ती म्हणाली. शब्द अजूनही एकेक शोधून येत होते. "थय दगडाक पाय लावलंय काय. थुकलंय काय. भायर बसललंय तशीच गेलंय काय. एक एक काढून बघलंय. माका काय एक गावाक नाय. म्हटलंय, डोक्याक लागला म्हणान आठवणा नाय, पण केलंय आसतलंय. देव कशाक खोटा सांगात?" दरवर्षी ती भाच्याकडून आमच्या राखणदाराला एक नारळ पाठवत होती, न आठवणाऱ्या गुन्ह्यासाठी. मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो काढून घेतला. "आता सांगतंस?" ती ओरडली. "तुझी आते मेली. घोव मेलो. तुझो बापूस मेलो. आता कोणाक सांगतलंस?" मग पडलेली सुरी उचलून बाजूला ठेवत ती म्हणाली, "माका थय घेवन चल."

आमच्या घरी आता संजू राहतो, भाईकाकांच्या दुसऱ्या लग्नाचा मुलगा. त्याने काकीला कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची आणली, पाणी दिलं. मी त्याला खळ्यात उभं राहून सगळं सांगितलं. काकी त्या घरात राहिली असती तर तो जन्मालाच आला नसता, हे त्याच्या ध्यानात आलं ते मी पाहिलं. मग तो म्हणाला, "थांब. शेजाऱ्यांका बोलयतंय. गाऱ्हाण्याक माणसा व्हयी." आठ-दहा जण आले. त्यांच्यासमोर मला पुन्हा सगळं सांगावं लागलं, आणि काकी शेजारी उभी राहून कुठे काही गाळत नाही ना ते ऐकत होती.

माड तिथेच आहे. इतका उंच झालाय की गडग्यावरूनसुद्धा शेंडा बघायला मान मागे टाकावी लागते. काकीने दगडाला नारळ ठेवला. संजूने हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ही माझी थोरली आवस तुझ्या पायाकडे इली हा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. थोरली आवस म्हणजे थोरली आई. काकीने त्याच्याकडे चमकून बघितलं.

"पन्नास वर्सामागे हय जा काय घडला, तेच्यात हिचो काय एक गुन्हो नव्हतो रे म्हाराजा!"

या वेळी कुणी काही बोललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांच्यापैकी कुणी तेव्हा जन्मलंही नव्हतं, ते कशावर हो म्हणणार? काकीने डाव्या हाताचं कोपर माझ्या बरगडीत मारलं.

"म्हण गो."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मग बाकीचेही म्हणाले.